पडद्यावरचे पाय

बायको माघात गेली. बाराव्याला गावातल्या बाया जमल्या होत्या. पानं वाढायला अवकाश होता म्हणून माजघरात बोलणं चाललं होतं. त्यातली एक म्हणाली, "आजींना पाण्याची भारी भीती हो. जन्म खाडीच्या काठावर काढला, पण कधी पाय भिजवला नाय." दुसरीने तिची री ओढली. मग माझी सूनबाई म्हणाली, "मी एकदा त्यांना पुळ्याला नेलं होतं गणपतीच्या दर्शनाला. सगळे वाळूत उतरले, ह्या देवळाच्या पायरीवरच बसून राहिल्या. पाण्याकडे पाठ करून."

मी ओसरीवर ऐकत होतो. उठलो नाही. बाराव्याच्या पंगतीत भांडायचं नसतं.

भीती म्हणे! या बोलणाऱ्या बायांच्या आज्या गुडघाभर पाण्यात कांकणं सावरत उभ्या राहायच्या, तेव्हा ही बाई डोक्यावर गाठोडं घेऊन अख्खी खाडी ओलांडत होती. ते बघितलेली माणसं आता मसणात गेली. मी एकटा उरलो. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीला सुटली. ऱ्हस्वदीर्घाला ज्याला हसायचं त्याने हसावं.

आमचं घर जयगडपासून आतल्या अंगाला, खाडी वळते तिथे. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे तिचं माहेर. आमच्या पडवीत उभं राहिलं की तिच्या आईच्या चुलीचा धूर दिसायचा. दिसायला जवळ, जायला लांब. माणसं नेणारी तर, म्हणजे भाड्याची मोठी होडी, लागायची ती जयगडला. तिथवर कातळावरून चालत जायचं, तर भरेपर्यंत बसायचं, पलीकडे उतरून पुन्हा तेवढंच मागे चालायचं. सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचायचं.

तिची आवस, म्हणजे आई, म्हातारी आणि विधवा होती. ही एकुलती एक लेक. म्हातारीच्या डोळ्यांत साऱ्याचा पडदा पडत चालला होता, चुलीतला विस्तव आणि दारातलं ऊन एवढंच तिला वेगळं कळायचं. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा तिने ना मानपान मागितला ना काही. एवढंच म्हणाली, "माझी पोर पाण्यातून येईल माझ्याकडे. तिला अडवायचं नाय." माझा बापूस म्हणाला, "व्हय, व्हय, येऊ दे की." लग्नाच्या बोलण्यात माणूस कशालाही व्हय म्हणतो.

तिच्या गावच्या बायांचं पोहणं निराळं होतं. त्यांची भातशेती खाजणात, खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या जमिनीत. गाव आणि खाजण यांच्यामध्ये पाण्याचा एक फाटा होता. कापणीला जाताना भाकरी, विळा, पोराचं अंगडं, सगळं फडक्यात बांधून चुंबळीवर डोक्यावर ठेवायचं आणि कुशीवर आडवं होऊन फाटा ओलांडायचा. गाठोडं भिजलं तर दुपारी उपास. त्यामुळे मान हलवायची नाही हे त्या बायांना कुणी शिकवलं नव्हतं, भुकेने शिकवलं होतं. ही त्यांच्यातलीच. फाटा ओलांडता ओलांडता मोठी झाली आणि लग्न झाल्यावर खाडी ओलांडायला लागली. भरती भरून पाणी थांबलं की निघायची. पलीकडे आईचं न्हाणंधुणं करायची, चार दिवसांचं तांदूळ-कुळीथ निवडून ठेवायची, आणि पुढची भरती थांबली की परत. डोक्यावर गाठोडं तसंच कोरडं.

पहिल्यांदा ती अशी गेली तेव्हा गाव काठावर लोटलं होतं. माझी आई म्हणाली, "मी सून आणली का मासोळी आणली?" शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "तुझं बरं हाय रे. बायको रुसून माहेरी गेली तर गळ टाकायचा." मी रागावलो नाही. मला तिचा तोरा होता. मीही पोहणारा, पण मी पाणी बडवायचो. ती जायची तेव्हा पाण्याला कळायचंसुद्धा नाही.

आमच्या घरी होडी होती. आता कोणी विचारील की होडी असताना बायकोने पोहायचं कशाला? मीही बापाला हेच विचारलं होतं. बापूस म्हणाला, "होडी कामाची हाय. माहेरपणाची नाय." विषय संपला. त्या काळी बाप बोलला की विषय संपायचा.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड होऊन गेली होती, त्याच्या पुढच्या एखाद्या वर्षातली ही गोष्ट. आमच्या गावच्या वरच्या अंगाला कलमांची मोठी बाग होती आणि बागेत एक बंगला. मालक मुंबईचा, धंदेवाला. आंब्याच्या दिवसांत येऊन राहायचा. आम्ही त्याला साहेबच म्हणायचो. त्या वर्षी चैत्रात तो आला तो पुतण्याला घेऊन. पोरगा मुंबईत कॉलेजात होता. अंगाने चांगला, खांदे रुंद. पोहण्याच्या शर्यतीत उतरायचा आणि कायम मागे पडायचा. साहेबाला ते खपत नव्हतं. त्याच्या मनाला लागलेलं.

साहेबाने बरोबर एक यंत्र आणलं होतं. काळी पेटी, पुढे काचेचा डोळा. चावी भरली की करकर करत आत फीत फिरायची आणि समोरचं सगळं हलतं-चालतं तिच्यात उतरायचं. शिनेमा म्हणतात ते आम्ही ऐकून होतो, रत्नागिरीला जाऊन एक-दोघांनी बघितलाही होता. पण शिनेमा काढायचं यंत्र गावात येईल असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. साहेब म्हणायचा, "माणूस पोहताना काय चुकतो ते त्याला स्वतःला दिसत नाही, काठावरच्यालाही दिसत नाही. सगळं भराभर होतं. यंत्राला दिसतं. मग यंत्र हळू फिरवायचं आणि बघत बसायचं."

त्याला पुतण्याच्या बाजूने चालणारी होडी पाहिजे होती. बापाने दिली. जी होडी सुनेच्या माहेराला मिळत नव्हती ती साहेबाच्या पुतण्याला मिळाली, वर वल्हवायला मीही मिळालो.

पुतण्या पोहायचा, मी शेजारून होडी न्यायचो आणि साहेब होडीच्या काठाला पोट लावून पेटीत डोळा घालून वाकायचा. सारखा ओरडायचा, "अरे, होडी हलवू नकोस!"

"साहेब, मी नाय हलवत. पाणी हलवतंय."

"मग पाण्याला सांग!"

"तुमीच सांगा. तुमचं इंग्रजीत ऐकलं तर ऐकेल."

पुतण्या हसायला लागायचा आणि नाकात पाणी जायचं. साहेब चिडायचा, फीत वाया गेली म्हणून. पण माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायला पाहिजे. वाईट असता तर त्याला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो.

फीत धुवायला आगबोटीने मुंबईला गेली आणि धुऊन परत आली. बंदरावर कौलांची वखार होती. भरदुपारी तिची दारं लावली, फटींत गोणपाटं कोंबली, आत काळोख केला. साहेबाच्या पलंगावरची चादर भिंतीवर ताणली. मोटारीची बॅटरी मुंबईहून आणली होती, तिच्यावर दिवा. दाखवायच्या यंत्राला मूठ होती, ती हाताने फिरवायची. भराभर फिरवली की माणूस भराभर, हळू फिरवली की हळू.

अर्धं गाव कौलांच्या ढिगांवर चढून बसलं होतं. पुतण्या चादरीवर पोहायला लागला आणि हसून हसून कौलं गडगडली. त्याचं डोकं दर हाताला इकडून तिकडे जात होतं. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर गुबुगुबु नंदीबैल!" खरंच तसं दिसत होतं. पोराचं तोंड उतरलं. साहेब मात्र खूश. म्हणाला, "सापडलं! डोकं हलतं म्हणून अंग वळवळतं, अंग वळवळतं म्हणून पाय फाकतात." रोग सापडला, औषध सापडत नव्हतं. मान स्थिर ठेव, मान स्थिर ठेव असं ओरडून मान स्थिर राहत नाही.

त्यानंतर वैशाखातल्या एका सकाळी आम्ही पाण्यात होतो. भरती थांबलेली. पलीकडून ती येत होती. माहेराहून परत. लांबून नुसतं गाठोडं दिसत होतं, पाण्यावरून कोणी दोरीने ओढत आणावं तसं. होडी तिच्या वाटेत होती. जवळ आल्यावर ती ओरडली, "अवो, वल्हं बाजूला घ्या! डोक्यावर आवशीने अंडी दिलीत!"

साहेबाने वळून बघितलं. बघतच राहिला. मग त्याने पेटीचं तोंड फिरवलं. करकर सुरू झाली. ती होडीच्या अंगालगत गेली, आमच्याकडे एकदा बघितलं, हसली, आणि काठाला लागली. लुगड्याचा काष्टा नीट केला, अंडी मोजली आणि घराकडे चालती झाली.

साहेब मला म्हणाला, "ही कोण?"

"आमची बायको."

"मूर्खा, महिनाभर होडी वल्हवतोयस आणि हे सांगितलं नाहीस?"

आता बायको पोहते हे परक्या माणसाला सांगायची गोष्ट आहे का?

फीत पुन्हा मुंबईला जाऊन आली. या वेळी साहेबाने तिला मुद्दाम बोलावणं पाठवलं. माझ्या आईलाही. ती आली ती पदर डोक्यावर घट्ट ओढून. बायांच्या घोळक्यात एका ढिगावर बसली. मी यंत्राजवळ उभा होतो, तिचं तोंड मला दिसत होतं.

चादरीवर ती आली. तिने आधी ओळखलंच नाही. शेजारणीने कोपरखळी मारली, "अगो, तूच गो ती! पोटरी बघ तुझी!" बाया खिदळल्या. तीही पदर तोंडात धरून हसली. साहेब हळूहळू मूठ फिरवत होता, पुतण्या काठी घेऊन चादरीजवळ उभा होता. पाणी नितळ होतं, होडी जवळ होती, ऊन वरून पडत होतं. पाण्याखालचे पायसुद्धा दिसत होते. साहेब सांगत होता, "बघ, उजवा पाय पुढे गेला. डावा मागे. आता दोन्ही जुळले. आता बघ, आता ती थांबली. काहीच करत नाही. नुसती सरकते आहे. मान बघ, मान! गाठोडं बघ!"

पुतण्या तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही मध्येच थांबता ते कशासाठी?"

"मी थांबत नाय."

"थांबता. हे बघा ना."

"मी कुठं थांबते? मी जाते."

सगळे हसले. साहेबाने तेवढंच पुन्हा दाखवलं. पुन्हा. पुन्हा. आणि मग त्याने गंमत म्हणून मूठ उलटी फिरवली. ती पाय मागे करत, पाठमोरी, सरकत सरकत परत निघाली. गाठोडं तसंच डोक्यावर. माझी आई टाळी वाजवून म्हणाली, "गेली गो बाय माहेराला परत! सासरचा वारा सोसवत नाय!" वखार दणाणली. मीही हसलो. तिच्याकडे बघितलं तर ती हसत नव्हती. ती चादरीवरच्या पायांकडे बघत होती. हातातल्या सोन्यात खोट निघाली असं कोणी सांगितल्यावर बाई बघते तशी.

तिथून ते सुरू झालं.

पुतण्याचं भलं झालं. साहेबाने त्याच्या डोक्यावर चुंबळ बांधून करवंटीत पाणी ठेवलं आणि त्याला कुशीवर पोहायला लावलं. आधी करवंट्या बुडाल्या. मग बुडेनाशा झाल्या. मग करवंटी काढून त्याला त्याच्या पद्धतीने पोहू दिलं, तर मान जागच्या जागी. पोरगं मन लावून शिकलं. त्याचं काही चुकलं नाही.

पण साहेबाचं एवढ्याने भागलं नाही. त्याला ती आणखी पाहिजे होती. बापाला जाऊन बोलला. बापाला साहेबाचा शब्द म्हणजे देवाचा. बापूस तिला म्हणाला, "जा गो, साहेब काय सांगतात तसं कर." तिचीही इच्छा होतीच. खोटं कशाला लिहू? तिला पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं होतं की तुझ्यात काही आहे. साहेब म्हणायचा, "बाई, मुंबईत असतीस तर तुझ्या गळ्यात पदकं असती. तुझ्यात एकच चूक आहे. डावं पाऊल आत वळतं. ते सरळ कर. मग तुझ्या पुढे जाणारी बाई नाही."

मग ती पाऊल सरळ करायला लागली. मी होडी वल्हवायचो, साहेब पेटीतून बघायचा. "परवा केलंस तसं कर. नाही, तसं नाही. परवा तू मध्ये जास्त थांबली होतीस. आता थांब. आता सोड. पाऊल!" ती थांबायचा प्रयत्न करायची आणि खाली जायची. जिने कधी घोटभर पाणी गिळलं नव्हतं ती ठसकायला लागली. एका दिवशी गाठोडं कलंडलं. आत भाकरी होती, माशांनी खाल्ली. साहेब म्हणाला, "होतं असं. शिकताना आधी बिघडतं, मग सुधारतं."

घरी भाकऱ्या थापता थापता ती पाय हलवून बघायची. एकदा मला म्हणाली, "अवो, तुमी चालताना कुठला पाय आधी टाकता?"

"मला काय ठाऊक? टाकतो कुठला तरी."

"तेच. मलाही ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, "नको जाऊस उद्यापासून. मी सांगतो साहेबाला."

तर म्हणाली, "आता मधेच सोडलं तर तसंच बिघडलेलं राहील. नीट होऊ दे एकदा."

नीट व्हायच्या आत मृग लागला. साहेब आणि पुतण्या शेवटच्या आगबोटीने मुंबईला गेले. जाताना साहेब तिला म्हणाला, "सराव सोडू नकोस." आंबे उतरवून, पेटी घेऊन, बंगल्याला कुलूप लावून तो गेला. ती अर्धवट शिकलेली आमच्याकडे राहिली.

आमच्याकडे पावसात होड्या वर ओढून ठेवतात, झावळ्यांनी शाकारतात. जयगडची तरसुद्धा बंद. दोन्ही काठ एकमेकांना तुटतात. मग काठावरून काठाला सांगायची एक रीत होती. काठीला फडकं बांधून उभं करायचं. लाल म्हणजे पोर झालं. पांढरं म्हणजे माणूस शेवटाला लागलं, भेटायचं असेल तर या. फडकं उतरवलं म्हणजे संपलं.

आषाढात एका सकाळी पाऊस थोडा उघडला होता. ती धुणं घेऊन अंगणात आली आणि तशीच उभी राहिली. पलीकडे, तिच्या आईच्या घराच्या पुढ्यात, पांढरं फडकं होतं.

मी बापाकडे गेलो. म्हटलं, "होडी काढू. मी आणि दोघं शेजारचे."

बापूस म्हणाला, "फळ्या सुटल्यात तिच्या. भेगा बुजवल्याशिवाय पाण्यात घातली तर दगडासारखी जाईल."

"साहेबाला दिली होती तेव्हा—"

"तेव्हा चैत्र होता. आज आषाढ हाय. होडी गेली तर खाशील काय? तिच्या आवशीचं वय झालंय रे. माणसं जातात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. होडी खरंच उघडी पडली होती. पण माणसाने ते तसं बोलायचं नसतं, सुनेच्या कानांवर पडेल असं. तिने सगळं ऐकलं. काष्टा आवळला, फडक्यात गरम पेजेचं मडकं बांधलं, चुंबळ डोक्यावर ठेवली. म्हणाली, "भरती थांबत आलीय. मी जाते."

मी तिच्या पाठोपाठ पाण्यात उतरलो. पाणी लाल, वरच्या डोंगरांची माती घेऊन आलेलं. पण थांबलेलं होतं. अशा पाण्यातून ती मागच्या पावसात गेली होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. ती आडवी झाली, निघाली. मी दोन हात मागे. पहिला टप्पा बरा गेला. मला वाटलं, जमलं. मग बघतो तर मडकं हलायला लागलं. ती थांबत होती, पुन्हा पाय मारत होती, पुन्हा थांबत होती. खाडीच्या मध्यावर ती एकदम उभी झाली, हातांनी पाणी बडवायला लागली. मी बडवतो तसं.

"काय झालं गो?"

ती माझ्याकडे बघून ओरडली, "अवो, उजवा पुढं का डावा पुढं?"

"काय बी कर! जा! पाय मार!"

"मला माझे पाय दिसतात!" ती म्हणाली. त्या लाल पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. "मला ते चादरीवरचे दिसतात, अवो, मला दुसरं काय दिसत नाय!"

मडकं गेलं. तिने पाणी गिळलं. पाणी आता फिरायला लागलं होतं, ओहोटीची ओढ पायांना कळत होती, आणि आषाढातली ओहोटी माणसाला सरळ जयगडच्या तोंडातून दर्यात नेऊन टाकते. मी तिच्या अंबाड्याला धरलं आणि माघारी ओढली. ती हात झटकत होती. पलीकडे बोट दाखवत होती. काठाला लागलो ते आमच्या घरापासून पुष्कळ खाली, तिवरांच्या चिखलात.

घरी आल्यावर ती पडवीत बसली. ओलीच. आईने कोरडं लुगडं आणलं ते मांडीवर तसंच ठेवून बसली. सांज व्हायच्या आधी पलीकडचं फडकं उतरलं.

पाऊस संपल्यावर आम्ही होडीने गेलो. म्हातारीला शेजाऱ्यांनी पोचवली होती. शेजारीण म्हणाली, "शेवटपर्यंत पाण्याकडे कान देऊन होती गो. पाण्याचा आवाज झाला, पोर आली, असं म्हणत होती." हे तिला सांगायची काही गरज होती का? माणसं सांगतात. सांगून मोकळी होतात.

त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. कालवं काढायला गेली नाही, पाय धुवायला काठावर गेली नाही, विहिरीचं पाणी आणायची. मुलं झाली, मुलं पोहायला शिकली ती माझ्याकडे. मला लोक विचारायचे, मी काही सांगत नसे. तिने कधी साहेबाला दोष दिला नाही, बापालाही नाही. तो मी देतो. हल्ली नातवंडं टीव्हीवर क्रिकेट बघतात. कोणी बाद झाला की तेच तेच हळू करून पुन्हा दाखवतात, कुठला पाय कुठे होता ते. मी उठून बाहेर जातो. पोरांना वाटतं, आजोबांना खेळ कळत नाही.

म्हातारी गेली त्याच्या पुढच्या वैशाखात साहेब आला. पुतण्याला मुंबईत चांदीचा पेला मिळाला होता. पेढे घेऊन साहेब स्वतः आमची पायऱ्यांची पाखाडी चढून आला. एवढा मोठा माणूस दारात, बापाची धावपळ उडाली. ती पडवीच्या कडेला सुपात तांदूळ पाखडत होती.

साहेब म्हणाला, "कुठे आहे आमची पोहणारी? बाई, तुला मुंबईत दाखवली मी. भल्या भल्या लोकांनी पाहिली. पुन्हा पुन्हा लावायला लावली. डावं पाऊल सरळ झालं का? चल, उद्या सकाळी पाण्यात बघू."

कोणी त्याला काही कळवलं नव्हतं. कळवणार कोण आणि कशाला? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोलली. सूप थांबवलं नाही.

"साहेब, ती चादरीवरची अजून पोहते?"

"पोहते म्हणजे? केव्हाही लाव, पोहते. तशीच. तसूभर फरक नाही."

"मग तिलाच धाडा पलीकडं. माझी आवस वाट बघून गेली."

साहेब मोठ्याने हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करते. बापूसही त्याच्याबरोबर हसला. साहेबाने पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला, माझ्या पाठीवर थाप मारली, "फजिती केली रे तुझ्या बायकोने माझी," म्हणाला, आणि हसत हसतच पाखाडी उतरून गेला.